ब्रेक म्हणजे विश्रांती नव्हे

आमच्या घरात नोकरी लागत नसे, माणूस कंपनीत चिकटत असे. वडील हडपसरच्या एका कारखान्यात चिकटले ते रिटायर होऊनच निघाले. साहेबाला तोंडावर नाही म्हणून यायचे. पर्मनंट होते ना! त्या कारखान्याच्या जागी आता टॉवर आहेत. लोक कौतुकानं सांगतात, अहो, पुण्याभोवती कारखाने किती वाढले! वाढले की. वाघोलीच्या पुढे बघाल तिकडे पत्र्याच्या शेड. पण आत कुणाला चिकटू देतात का?

मी नऊ वर्षं एकाच शेडमध्ये गाड्यांच्या वायरिंगचे जुडगे बांधते आहे. पण कागदावर तसं नाही. सात महिने भरत आले की ब्रेक देतात. विश्रांती नव्हे महाराजा! कार्ड काढून घेतात, तीन आठवडे घरी बसवतात आणि दुसऱ्या ठेकेदाराकडून नवं कार्ड देतात. सलग काम दिसलं तर आम्ही पर्मनंट करा म्हणू, ही यांना धास्ती. कार्डावर दर वेळी तेच, ट्रेनी. अरे, तुमच्या सुपरवायझरला लाल वायर कुठं जाते ते मी दाखवलंय!

यंदा मात्र गेटवर नोटीस लागली. लाइनवर एक पर्मनंट जागा भरणार, अनुभव तीन वर्षं हवा. मी हरखलेच. घरी कुणाला न सांगता फॉर्म भरला. ऑफिसातल्या पोरीनं कम्प्युटर बघितला आणि म्हणाली, "ताई, तुमचा अनुभव चार महिने."

"अगं, तू शाळेत होतीस तेव्हापासून आहे मी इथं!"

"ते आधीच्या ठेकेदारांकडून लिहून आणा ना."

आणते. त्यांची ऑफिसं राहिलीत कुठं? एकाच्या गाळ्यात आता मोमो विकतात.

ती जागा बाहेरून आलेल्या एका बाईला मिळाली. तिच्याकडे तीन वर्षांचा कागद होता. बिचारीचा काय दोष! सुपरवायझर तिला माझ्यापाशी घेऊन आला. "ताई, यांना जरा सगळं शिकवा. तुमच्याइतकं कुणाला येत नाही."

जीभ नुसती वळवळली. पण कार्ड आठवलं आणि शिकवलं, अगदी मन लावून. कुठली गाठ सुटते, कुठं बोट कापतं, सगळं. पाचव्या दिवशी ती माझ्या टेबलावर एकटी उभी राहिली आणि मला ब्रेक मिळाला, सात महिने भरायच्या आतच.