पाणी उभं राह्यते

नागभीडपासून दहा-बारा किलोमीटरवरच्या त्या गावात कुणाला धान वाळत घालायचं असो की लग्नाचा मांडव टाकायचा असो, लोक आधी गोकुळाबाईला विचारत. गोकुळाबाई तलावावर मासे धरायची. नवरा मनसाराम गेला तेव्हा निकेश चार वर्षांचा होता. तेरवी आटोपली आणि दुसऱ्या दिवशी तिने नवऱ्याचा डोंगा स्वतः पाण्यात लोटला. त्याला आता बावीस वर्षं झाली. पाण्यात पाय ठेवण्याआधी ती ओंजळ भरून कपाळाला लावायची, गंगामायचं नाव घ्यायची आणि कामाला लागायची. बोलणं इतकं कमी, की रीता सून होऊन आली तेव्हा पहिला महिनाभर तिला वाटलं, सासू आपल्यावर रुसलीच आहे. मग कळलं की ती सगळ्यांशीच अशी आहे. हवेबद्दल विचारलं तर "उद्या नाई" किंवा "चालते" एवढंच. पण ते चुकत नसे.

धान निघालं की गावात शंकरपट भरायचा, बैलजोड्यांची शर्यत. यंदा तरुण पोरांनी बैलांच्या त्याच वाटेवर मोटारसायकली पळवायचं ठरवलं, आणि त्याला आपोआप नाव पडलं, मोटरपट. बांध फोडून केलेली ती सरळ वाट महादेवाच्या देवळापासून निघायची आणि थेट तलावाच्या पाळीपर्यंत, काठावरच्या बांधापर्यंत जायची. पाळीला मोठाले दगड रचलेले. दगडांच्या वीस पावलं अलीकडे लाल झेंडा रोवला होता. झेंड्याला वळसा घालून परत यायचं. एका वेळी दोन गाड्या, आणि पहिल्याच जोडीत निकेश होता.

निकेशने महिनाभर गाडीवर जीव लावला होता. मडगार्ड काढलं, सायलेन्सर बदलला. नागभीडच्या मेकॅनिककडून त्याने दोन तऱ्हेचे टायर आणले होते, एक कोरड्या जमिनीचे आणि एक चिखलाचे, खोल गाठींचे. कोणते लावायचे, तेच ठरत नव्हतं. कारण चार दिवसांपूर्वी अवकाळी पाऊस येऊन गेला होता.

पटाच्या आदल्या दिवशी दुपारी चहाच्या टपरीवर त्याचीच चर्चा. पटाच्या कमिटीचे गुणवंतराव मोबाइल डोळ्यांजवळ धरून बसले होते.

"यात वीस टक्के पाऊस दाखवते," ते म्हणाले.

"वीस टक्के म्हणजे किती जी, भाऊ?" मंगरूने विचारलं. मंगरूचं अख्खं आयुष्य धानाच्या बांधीत गेलेलं. "गावातल्या वीस घरांवर पडन, का शंभरातले वीस थेंब पडन?"

"तुया डोक्यावर पडन."

"पडू द्या. पण निकेशले विचारा, चिखल झाला तर त्याची गाडी चालते का नुसती नाचते."

"चिखलाचे टायर लावले तर चालते," निकेश म्हणाला. "पण चिखल नाई झाला नं, तर त्या टायरावर मी आखरी येतो. कोरड्या मातीत ते धरतच नाई."

तेवढ्यात गोकुळाबाई डोक्यावर माशांची टोपली घेऊन समोरून चालली होती. मागे रीता. मंगरूने हाक मारली, "का वो बाई, उद्या कसं हाये? तुमच्या पोराचाच सवाल हाये."

गोकुळाबाई थांबली. टोपलीवरचा हात तिने खाली घेतला आणि तळव्याकडे पाहिलं. सकाळी हाच हात तिने कितीतरी वेळ पाण्यात बुडवून ठेवला होता, ते रीताने पाहिलं होतं.

"उद्या सकाळी पाणी उभं राह्यते," ती म्हणाली आणि चालू लागली.

मंगरूने मांडीवर थाप मारली. "झालं! बांधीत पाणी उभं राह्यते म्हणे. म्हणजे रातभर कोसळते. निकेश, काढ चिखलाचे टायर."

गुणवंतरावांनी मोबाइल खिशात टाकला. टपरीवर सगळे धान पिकवणारे. पाणी उभं म्हणजे बांधीत घोटाभर साचलेलं पाणी, दुसरा अर्थ तिथे कुणाला ठाऊकच नव्हता. निकेशने संध्याकाळी नागभीडला जाऊन खोल गाठींचे टायर चढवून घेतले.

रात्रभर एक थेंब पडला नाही.

पहाटे रीता अंगणात आली तर आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ. थंडी मात्र कडाक्याची. निकेश गाडीजवळ उकिडवा बसून टायरकडे बघत होता.

"आईनं फसवलं," तो म्हणाला. "आता नागभीडले जाऊन बदलाले टाइमच नाई."

रीताने ओसरीवरचा लोटा उचलला. तिला सासूबरोबर तलावावर जायचं होतं. पटाची एक रीत होती. पट सुरू होण्याआधी तलावात मासे धरणाऱ्या ढिवराच्या घरच्या बाईने तलावाचं पाणी लोट्यातून आणायचं आणि ते वाटेच्या तोंडाशी शिंपडायचं. तोवर जोडी सुटत नसे. यंदा बैलांच्या जागी मोटारसायकली आल्या, तरी ही रीत मोडायची नव्हती.

तलाव काचेसारखा पडला होता. गोकुळाबाईने नमस्कार केला, लोटा भरला आणि पाळीच्या दगडावर बसून राहिली.

"आई, चला नं. लोक वाट पाहून राह्यले."

"बस."

"काऊन?"

गोकुळाबाईने तिचा हात धरून पाण्यात घातला. रीता दचकली. एवढ्या थंडीत पाणी कोमट होतं, नुकत्याच विझलेल्या चुलीवरच्या भांड्यातल्यासारखं. वर हवा सुरीसारखी, आणि खाली ही ऊब.

सूर्याची कोर जंगलावर आली, आणि रीताने ते पाहिलं.

पाण्याच्या अंगावरून एक पांढरा धागा वर निघाला. मग दुसरा. मग शंभर, हजार. प्रत्येक धागा सरळ, बोटाएवढा, मग माणसाएवढा. जणू निजलेला अख्खा तलावच अंग सावरून उठत होता. आवाज कसलाच नाही. बघता बघता धागे एकमेकांना मिळाले आणि पलीकडचा काठ गेला, मग मधलं बेट गेलं, मग त्यांचा स्वतःचा डोंगा गेला. रीताचे हात आपोआप जोडले गेले. ती या तलावाचंच पाणी चार वर्षं पीत होती आणि तिने त्याला असं कधी पाहिलं नव्हतं.

पाणी उभं राहिलं होतं.

मग तिच्या पदराचं टोक हललं. तलावाकडून गावाकडे बारीक वारा सुटला होता. हे सगळं आता पाळ ओलांडून झेंड्यावर जाणार. आणि झेंडा दिसला नाही तर पुढे हे दगड. निकेश इथवर येईल तेव्हा गाडी पुऱ्या वेगात असेल.

मोबाइल वाजला. निकेशच होता. "आईले म्हण, लोटा आण. गुणवंतभाऊ चिडून राह्यले."

"अहो, गाडी काढू नका. इथी पाणी उभं राहून राह्यलं."

"कुठी? इथी धूळ उडून राह्यली. ऐक, भाऊ म्हणते, बोरिंगचं पाणी शिंपडून सुरू करू."

रीताने फोन ठेवला आणि सासूकडे पाहिलं. गोकुळाबाईने लोटा तिच्या हातात दिला.

रीता वाटेने धावली. एका हाताने लोट्याचं तोंड झाकलेलं, पदर खोचलेला. देवळापाशी लोक दोन्ही बाजूंनी उभे होते. निकेशची गाडी सुरूच होती. गुणवंतरावांच्या हातात बोरिंगच्या पाण्याची बाटली होती, ती त्यांनी खाली ठेवली.

"आली एकदाची. दे इकडे."

रीताने लोटा पोटाशी धरला. "तो झेंडा आता लपते. परत दिसन तोवर नाई देत."

"दिसून राह्यला, म्हणून तर पाह्यजे नं, बापा," गुणवंतराव म्हणाले, आणि लोक हसले.

"सासूनं पाऊस आणला नाई, आता सून झेंडा लपवते," मंगरू म्हणाला.

सगळ्यांनी मान वळवून झेंड्याकडे पाहिलं. लाल, ठसठशीत, उन्हात. मग त्याच्या मागे पाळीवरून काहीतरी पांढरं खाली उतरलं, दूध उतू जावं तसं. झेंड्याची काठी गेली. लाल रंग क्षणभर गुलाबी दिसला, आणि नाहीसा झाला. ते पांढरं वाटेने पुढे येत राहिलं, सावकाश, दोन्ही बाजूंची झाडं एकेक करून घेत. निकेशने गाडी बंद केली. मग देवळाचा कळसही गेला आणि रीताला चार पावलांपलीकडची माणसं दिसेनात.

त्यातून पावलं वाजली. गोकुळाबाई आधी सावली आणि मग बाई होऊन बाहेर आली. केसांवर पाण्याचे बारीक मणी.

पहिल्यांदा मंगरू बोलला, तेही हळू. "बाई, तुम्ही तं पाणी उभं राह्यते म्हणलं होतं."

"मंग हे का निजून हाये?" गोकुळाबाई म्हणाली.

कुणीतरी हसलं. गुणवंतरावांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. निकेश गाडीवरून उतरला आणि चालत धुक्यात शिरला. बराच वेळ तो परत आला नाही. आला तेव्हा पार भिजलेला होता.

"दगडाले हात लागला तवा समजलं का दगड हाये," तो रीताला म्हणाला. आईकडे त्याने पाहिलं नाही, पण तिच्या शेजारीच जाऊन बसला.

तास-दीड तास सगळे तसेच थांबले. दर थोड्या वेळाने गुणवंतराव विचारत, "रीताबाई, दिसून राह्यला का?" आणि रीता म्हणे, "नाई जी."

नऊच्या सुमारास पांढऱ्यात एक गुलाबी डाग दिसला. रीता थांबली. डाग लाल झाला. काठी दिसली, मग काठीमागचे दगड एकेक करून दिसले, ओले, चमकणारे. तेव्हा कुठे तिने लोटा सासूच्या हातात दिला.

गोकुळाबाईने वाटेच्या तोंडाशी पाणी शिंपडलं. निकेशची गाडी सुटली. कोरड्या वाटेवर खोल गाठींचे टायर नाचत होते आणि दुसरा गडी कधीच पुढे निघून गेला होता. निकेश मागून, सांभाळून, झेंड्याला मोठा वळसा घालून परत येताना दिसला, आणि रीताच्या पोटाशी घट्ट आवळलेले तिचे दोन्ही हात सुटले.