नदी सोडली म्हणून

आधी बाईंचं सांगते. विष्णुपुरीला आमच्या शेजारच्या खोलीत राहणाऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या बाई. त्यांनीच मला दहावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावला. मी तेव्हा कॉलेजच्या मेसमध्ये भाकरी थापत होते. लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण माहेरी एकदाही गेले नव्हते. का, ते कुणाला सांगितलं नव्हतं.

एका दुपारी बाई पुस्तकाबाहेरचा इतिहास सांगत होत्या. रोमची फौज निघाली. हजारो माणसं, अंगावर लोखंड. वाटाड्या म्हणाला, नदीकाठ सोडा, आडवाटेनं लवकर पोचू. सेनापतीनं ऐकलं. पुढं नुसतं माळरान, ऊन. शत्रू घोड्यावरून, लांबूनच बाण मारायचा. रोमनांना वाटलं, बाण संपतील कधीतरी. पण मागून उंटांवर बाणांचे भारे येतच राहिले.

"सांग बघू, एवढी मोठी फौज का हरली?"

"नदी सोडली म्हणून," मी म्हणाले आणि मला रडूच कोसळलं.

"अगं, दोन हजार वर्षांमागच्या माणसांसाठी रडून राहिलीस का?" बाई हसल्या. मग थांबल्या.

तेव्हा मी त्यांना सांगितलं. दुष्काळ होता, लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. शिरूर अनंतपाळहून माझे वडील, आबा, बैलजोडी घेऊन औशाकडच्या चाराछावणीला निघाले, संगं मी. नदीच्या पात्रात झिरे खोदायचे, बैलांना पाणी पाजायचं, काठानंच जायचं, असं ठरलेलं. मीच म्हणाले, "आबा, आडवाटंला तळं हाय. सहलीला गेल्तो तवा म्या बघितलंय." सातवीत शिकणारी लेक सांगतेय, म्हणजे खरंच असणार. आबांनी कासरा वळवला. तळ्यात नुसत्या भेगा. एक बैल तिथंच बसला तो उठलाच नाही, दुसरा परतीच्या वाटेवर गेला. आबांनी रिकामी दावी घरी आणून खुंट्यांना अडकवली. मी पुन्हा दप्तर उचललं नाही.

बाई म्हणाल्या, "तो सेनापती केवढा मोठा होता, तरी चुकला. तू बारा वर्षांची. घरी पत्र लिही."

उत्तर भावाच्या अक्षरात आलं. "आबा म्हणतेत, कासरा माझ्या हातात व्हता, पोरीच्या न्हाई. ये म्हणावं."

मी माहेरी गेले. आबा खाटेवर, नजर जवळजवळ गेलेली. गोठ्यात खुंट्यांना दोन्ही दावी तशीच. माझा हात चाचपून म्हणाले, "लई खरखरीत झाले गं हात." बैलांचा विषय त्यांनी काढला नाही, मलाही काढवला नाही. महिन्याभरात ते गेले.

परीक्षा जवळ आलीय, गणिताची धास्ती आहे. पण बाई, तो महिना तुमच्यामुळं मिळाला. फेडीन कधीतरी. तुमचे डोळे थकतील तेव्हा रोजचा पेपर वाचून दाखवायला मी येईन, तुम्ही कुठंही असा.