हात धुतल्याशिवाय आत नाही

आमच्या समोरच्या भाऊजींइतका खोकल्याचा वैरी अख्ख्या नांदेडात दुसरा झाला नसेल. पोरांनो, ते तुमच्या आजोबांचे मित्र, म्हणून माझे भाऊजी. देगलूरच्या गाडीवर कंडक्टर होते. भर थंडीत मागच्या बाकावर कुणी खोकलं, तरी गर्दीतून वाट काढत जाऊन तिथली खिडकी उघडून यायचे. कुडकुडणाऱ्यानं तक्रार केली की म्हणायचे, "वारं तिकिटात हाय." निवृत्तीनंतर त्यांनी गल्ली हाती घेतली. कुणाकडेही गेले की चहाआधी खिडक्या उघडायचे. एकदा मी शिंकताना पदर नाकाला लावला, तर म्हणाले, "वहिनी, त्याच पदरानं आता पोळ्या झाकताल." तेव्हापासून माझ्या कमरेला रुमाल असतो.

त्यांची लेक बाळंतपणाला आली आणि नात दिवस भरायच्या आधीच जन्मली. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, साधी सर्दीही हिला भारी पडेल. झालं, भाऊजी बादली, तांब्या आणि साबण घेऊन दारात बसले. बघायला येणाऱ्यांना गाडीत चढवावं तसं, हात धुऊन, एकेक करून आत सोडायचे. मुका घ्यायला सक्त मनाई. शिरूर अनंतपाळहून त्यांची थोरली बहीण आली, तिलाही अडवलं.

"मी काय परकी हाय का रं?"

"परकी न्हाईस अक्का, पण नाक वाहून राहिलंय तुझं. खिडकीतून बघ."

अक्का झबलं-टोपडं खिडकीतूनच देऊन गेल्या आणि पुढे दोन महिने भावाशी बोलल्या नाहीत.

बारशाच्या दिवशी सकाळी खुद्द भाऊजींना शिंक आली. मग दुसरी. कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी साबण लेकीच्या हाती दिला आणि वळकटी घेऊन आमच्या बाहेरच्या खोलीत आले. बारसं त्यांनी आमच्या ओट्यावरून पाहिलं. "लई हळू बोलून राहिल्यात बाया. नाव काय ठिवलं?" मी रस्ता ओलांडून विचारून आले.

आठ दिवस लेक रोज संध्याकाळी बाळाला खिडकीशी आणायची. भाऊजी इकडून टाळ्या वाजवायचे आणि मग जेवायला बसायचे. न राहवून मी म्हणाले, "मास्क लावून दोन मिनिटं घ्या की."

"तिला बोलता येत न्हाई, वहिनी. दम लागला तर कुणाला सांगंल?"

ती आता शाळेत जाते आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडते. भाऊजी मात्र राहिले नाहीत. रविवारी तिकडून, इतक्या लांबून, फोनवर तुम्ही मला हात हलवून दाखवता, तेव्हा ओट्यावरचे भाऊजी आठवतात. नवव्या दिवशी त्यांना रस्ता ओलांडता आला होता.