पत्रकातली कोरी जागा

तुळजावर अन्याय मी केला. तीन वर्षांपूर्वी, पोंगलची सुट्टी संपली त्या सोमवारी, दुपारी साडेतीनला, तिरुवल्लिकेणीच्या एका गल्लीतल्या झेरॉक्सच्या दुकानात. हे आजवर कुणालाच, अगदी आईलासुद्धा, बोललेले नाही. तुम्हाला सांगते.

तुळजा आमच्या मुलींच्या बेसबॉल संघाची पिचर. तंजावरकडच्या मराठी घरातली. मराठी बोलता बोलता तमिळमध्ये कधी शिरायची, तिलाच कळायचं नाही. सकाळी समुद्राकडून धुरकट उजेड यायचा, त्यात तिचा हात फिरलेला दिसायचा आणि चेंडू — चेंडू दिसायचाच नाही. थेट ग्लोव्हमध्ये थप्प. मी नुसती बघत बसायचे. अजूनही डोळे मिटले की तेच. मग तिच्या तपासणीत स्टेरॉइड सापडलं. बंदी आली.

आणि मी कोण? स्वच्छ खेळासाठी पत्रकं काढणारी, मैदानाच्या फाटकाशी उभी राहून वाटणारी. खेळाडूंच्या गुळगुळीत माफ्यांची मला चीड होती, आजही आहे. ‘दिलगिरी नको, कबुली द्या!’ — ही घोषणा माझीच.

तर ती आली ना कबुली द्यायला. दुकानाच्या पायरीवर बसून सांगत गेली, मी लिहून घेतलं.

“खांदा दुखत होता. पण गोळ्या त्याच्यासाठी नाही घेतल्या. कसल्या गोळ्या, ते माहीत होतं. जिंकायला घेतल्या. मला माफ करा.” मग हसली. “सगळं घाल हं, अक्का. तू फार कापतेस.”

आणि बस पकडायला गेली.

इतकं सरळ कुणी बोलतं का? मला — कसं सांगू — राग आला. तिनं सबब सांगायला हवी होती! माझा मथळा आधीच तयार होता: ‘ही माफी की सबब?’ आत यंत्र गुणगुणत होतं, कुणाचे तरी कागद ऊन-ऊन बाहेर सरकत होते, रस्त्यावरचे आवाज पाण्याखालून आल्यासारखे. मी जणू झोपेतच — नाही. असलं वाक्य दुसऱ्याच्या माफीत दिसलं असतं, तर मी फाडून खाल्लं असतं. मी जागी होते. पेन माझ्या हातात होतं. मधली तीन वाक्यं मी खोडली. त्या मथळ्याखाली छापलं एवढंच: ‘खांदा दुखत होता. मला माफ करा.’

प्रती हातोहात गेल्या. लोकांनी विश्वास ठेवला — माझ्यावर.

दुसऱ्या दिवशी तुळजानं पत्रक वाचलं. पुन्हा वाचलं.

“जागा पुरली नाही का, अक्का?”

“नाही पुरली,” मी म्हटलं.

खाली दोन बोटं जागा कोरी होती. तिचा अंगठा तिथंच होता.

आता बंदी संपली आहे. तिला संघात परत यायचंय. पालक म्हणतात, “गोळ्या घेतल्या ते एक वेळ पोटात घालू. पण वर खांद्याचं निमित्त करून खोटं बोलली! अशी आमच्या पोरींत नको.” गोळ्यांची शिक्षा तिनं पूर्ण भोगली. खोटं मात्र — ते तिचं कधी नव्हतंच. ते माझं.

वय लहान होतं, चळवळ नवी होती, असलं काही मी म्हणणार नाही. माझ्यासाठी काही मागतही नाही. पण तुमची मुलगी त्या संघात असेल, तर येत्या रविवारी सकाळी सातला मैदानावर पालकांची सभा आहे. या. आणि तुळजाच्या बाजूनं हात वर करा.