फ्रिजमधली मुलाखत

आमच्या प्रज्ञाची नोकरीची मुलाखत फ्रिजमध्ये झाली. म्हणजे प्रज्ञा बाहेर होती, फ्रिजमध्ये लॅपटॉप होता. पण परंड्यात आता लोक "पोरगीच फ्रिजात बसली व्हती" असं सांगत फिरतात!

कंपनी पुण्याची, पण काम घरी बसून करायचं. हे ऐकल्यापासून मी हवेत होतो. लेक कमावणार आणि रोज ताटाला ताट लावून जेवणार, अजून काय पाहिजे? अडचण एकच. लॅपटॉप जुना, त्यात मे महिना. थोडा वेळ चालला की घूंऽऽ करून तापायचा आणि डोळे मिटायचा.

"पप्पा, त्याला गादीवर ठेवू नका. खालून हवा लागू द्या, बास," प्रज्ञा सांगत होती.

"मला शिकवू नको. विहिरीवरची मोटार कोण सांभाळतंय?" असं म्हणून मी मोटारीवर टाकतो तसं ओलं पोतं घेऊन आलो. प्रज्ञानं लॅपटॉप पोटाशी धरून असा काही आरडाओरडा केला की बस्स! मग मी कूलर त्याच्या तोंडाशी लावला. कूलरनं पहिल्याच दमात तांब्याभर पाणी आणि मूठभर गवत कीबोर्डवर फेकलं.

"पप्पा, तुम्ही जरा शेताकडं जाऊन या ना," प्रज्ञा हात जोडून म्हणाली. (गेलो असतो तर बरं झालं असतं.)

लॅपटॉपवर मुलाखत सुरू झाली. कंपनीच्या मॅडमनी "स्वतःबद्दल सांगा" म्हटलं, प्रज्ञानं तोंड उघडलं आणि लॅपटॉपनं मिटलं!

"गेलं सगळं! मोबाईलवर जमत न्हाय, काम ह्याच्यावरच करून दाखवायचंय!" पोरगी रडायलाच लागली. तिचं रडणं मला बघवेना. तिनं फोन करून मॅडमना थांबायची विनंती केली, तोवर मी लॅपटॉप उचलून स्वयंपाकघरात पळालो. फ्रिजमधलं कलिंगड बायकोच्या हातात दिलं, मधली जाळी काढली आणि तिथं लॅपटॉप बसवला.

गडी लगेच गार! पण बॅटरी मेलेली, वायर लावल्याशिवाय चालू होईना. स्वयंपाकघरात सॉकेट एकच. मी फ्रिजची पिन उपसून लॅपटॉपची खुपसली.

"अहो, फ्रिजच बंद केला तर ते गार कशानं व्हायचं?" कलिंगड सांभाळत बायकोनं विचारलं.

"हाय त्या गारव्यात भागतंय!"

प्रज्ञा फ्रिजसमोर स्टुलावर बसली आणि खरंच फाडफाड उत्तरं द्यायला लागली. इकडं वरचा बर्फ वितळून टपटप पाणी सुरू. मी लॅपटॉपच्या वर परात धरून उभा राहिलो. तेवढ्यात शेजारचे रशीदभाई रोजच्यासारखे आले.

"वहिनी, बरफ हाय का थोडा?"

मी मान हलवून "नको, नको" केलं. त्यांना वाटलं, "घ्या, घ्या"! त्यांनी सरळ फ्रिजमध्ये डोकं घातलं. मॅडमना पोरीच्या जागी नुसती दाढी दिसली.

"हॅलो? कोण आहे?"

"या अल्ला! फ्रिज बोलतोय!" रशीदभाई हातातला बर्फाचा ट्रे टाकून अंगणात पळाले.

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. प्रज्ञानं सगळं खरं सांगून टाकलं. मॅडम हसायच्या थांबेनात. "पण ही कल्पना कुणाची?"

मी परातीसकट पुढं झालो. "जय भीम मॅडम! माझी! पोरगी घरून काम करताना तुम्ही बिनघोर राहा. मी दिवसभर तिच्या शेजारीच बसून राहीन!"

पुढच्या आठवड्यात फोन आला. प्रज्ञाला नोकरी लागली! मला तर आनंदानं रडूच फुटलं. पेढे आणायला चपला घालत होतो, तर ती हळूच म्हणाली, "पप्पा, बाकीची पोरं घरूनच काम करणार हायत. मला तेवढं पुण्याला, हापिसात बसाय सांगितलंय."

"का? तुलाच का म्हणून?"

"मॅडम म्हणाल्या, तुझ्या घरी वडील असतात ना!"