ब्रेकवरचा पाय

इथे लोक भुताखेतांचे जे अनुभव लिहितात ते मी जेवताना वाचतो आणि हसतो. एकदोघांच्या पोस्टखाली खवचट कमेंटही टाकल्यात, त्यांनी मनावर घेऊ नये. मी बुटीबोरीत एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. पाइप कुठे गळतोय असं वाटलं की साबणाचं पाणी लावायचं आणि बुडबुडे बघायचे... एवढाच माझा देवधर्म.

आमचं गाव कुहीकडे. घरी आई, बाबा आणि बाबांची जुनी पिकअप – तिच्यातून ते वांगी-मिरची नागपूरच्या बाजारात न्यायचे. चारही चाकांना जुने ड्रम ब्रेक. पावसाचं पाणी शिरलं की गाडी थांबायचं नाव घेत नसे. दोनदा तर म्हशीच्या पाठीला जाऊन टेकली. म्हणून भाताच्या रोवणीच्या दिवसांत सुट्टी टाकली आणि पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवायला घेतले. सामान भंगारात निघालेल्या नव्या मॉडेलचं. बाबांना हे अजिबात पसंत नव्हतं.

अकरा वाजेपर्यंत सगळं बसलं. उरली फक्त ब्रेकची हवा काढायची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो – नळीत हवा राहिली तर पॅडल सरळ खाली जातं, ब्रेक लागतच नाही. हे काम दोघांचं. एक सीटवर, दुसरा चाकाखाली. खालचा ओरडतो, "दाबा!" वरचा पॅडल मारतो, शेवटी दाबून ठेवतो आणि म्हणतो, "धरलं!" मग खालचा माणूस चाकामागचा निपल, म्हणजे हवा काढायचा छोटा स्क्रू, सैल करतो, हवा आणि ऑइल बाहेर येतं, निपल आवळून तो म्हणतो, "सोडा!" त्याआधी पाय उचलला तर हवा परत आत. आमच्याकडे मी शाळेत असल्यापासून पॅडलवर बाबाच. त्यांची पद्धत ठरलेली – तीन छोटे दणके, चौथा लांब. आणि 'सोडा' ऐकल्याशिवाय पाय काढणार नाहीत. एकदा मी विसरून चहा प्यायला गेलो, तर परत येईपर्यंत पाय दाबून तसेच बसले होते.

त्या दिवशी मात्र अडून बसले.

"मले नाही बसाचं तुह्या पॅडलवर. चांगली चालत होती गाडी, काहून खोलली?"

"चांगली? त्या म्हशीले विचारा!"

"तूच विचार. मी नाही येत."

माझं डोकं फिरलं. म्हणालो, "नका येऊ. तुमच्यावाचून काही अडत नाही माह्यं."

ते ओसरीवर जाऊन बाजेवर टेकले. दहा मिनिटांत आईची किंकाळी. बाबा बाजेवरून घसरले होते. तोंड वाकडं, उजवा हात आणि पाय निर्जीव, बोलायला गेले तर नुसता घोगरा आवाज. लकवा. यात एकेक मिनिट मोलाचं असतं हे कारखान्यात शिकवलं होतं. ॲम्ब्युलन्सला फोन केला – जवळची गाडी दुसरा पेशंट घेऊन गेलेली, तासभर तरी लागणार. गावात आणखी एकच चारचाकी, ती नागपूरला. सगळं गाव रोवणीला, भाताच्या बांधीत चिखलात. आणि आमची गाडी मीच, माझ्या हातांनी, बिनब्रेकची करून ठेवलेली.

आईला बोलावता येत नव्हतं. बाबांना उलट्या होत होत्या, ती त्यांची मान कुशीवर धरून बसली होती. गाडी घरामागच्या शेडमध्ये होती, मी तिकडे धावलो. टिनावर पाऊस असा कोसळत होता की मला माझंच ओरडणं ऐकू येईना. मागच्या डाव्या चाकाखाली शिरलो, नळी लावली, आणि... एकटा माणूस काय करणार? रडत होतो मी. कोणीतरी या, कोणीही या, असं बडबडत होतो. त्यात सवयीनं तोंडातून निघालं, "दाबा!"

पॅडल हललं. हाताखालच्या ब्रेकच्या पाइपात धक्के जाणवले. तीन छोटे. चौथा लांब.

निपल उघडला तर ऑइल जोरात आलं, बुडबुड्यांसकट. आवळला, "सोडा!" म्हणालो. वाटलं, आई आली असेल. विचार करायला वेळच नव्हता. दुसरं चाकही झालं. तिसऱ्या चाकाला मात्र "दाबा" म्हणालो तर काहीच नाही. पुन्हा ओरडलो. शिव्या दिल्या, मग चाकाखाली पडल्या पडल्या हात जोडले. थोड्या वेळानं परत धक्के सुरू झाले. चौथं चाक झालं, निपल आवळला, तसाच उठून पळालो आणि केबिनचं दार उघडलं.

ड्रायव्हरच्या सीटवर पान्यांचा ट्रे होता तसाच, त्यावर माझा शर्ट. कोणी बसायला जागाच नव्हती. पॅडल दाबून पाहिलं – टणक.

बाबांना मागे गादीवर घेतलं, वर ताडपत्री, जवळ आई. नागपूरच्या अलीकडे एक ट्रक आडवा आला. मी पाय दिला आणि गाडी जागच्या जागी थांबली. रामदासपेठेतल्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर केला असता तर हाती काही लागलं नसतं.

बाहेर बाकावर बसल्यावर आई म्हणाली, "पाय हालून रायला होता गा त्याइचा."

"कोणता पाय वं?"

"उजवाच. तीनदा हलका हलका, मंग एकदा ताणून धरत. घडी घडी तसंच. मले वाटलं झटके येऊन रायले. मंग म्या दोन्ही हातानं घट्ट धरून ठेवला, तं असे पाहाले लागले माह्याकडे... पाहवलं नाही मले. देला सोडून."

मी डॉक्टरांना विचारलं. लकव्यात असे झटके येऊ शकतात, म्हणाले. मान्य. पण पॅडलवर कोण होतं? हवा आपोआपही निघते असं कोणीतरी कमेंटमध्ये सांगेलच. माहीत आहे मला. थेंब थेंब करत, फार सावकाश निघते. धक्के देत नाही. साबणाचं पाणी लावून बघावं असं यात काही सापडत नाही मला, अजूनही.

बाबा जगले. दोघांना मी बुटीबोरीला खोलीवर आणलंय. उजवी बाजू परत आली नाही. बोलणंही गेलं, एक शब्द सोडून. अशा पेशंटचा एखादाच शब्द शाबूत राहतो म्हणे, कोणता ते कोणाच्या हातात नसतं. पाणी हवं असो, कूस बदलायची असो, आईला हाक मारायची असो – बाबा एकच म्हणतात, "धरलं."

आईला त्याचं काही वाटत नाही. मला वाटतं. कारण तो दिवस मी शंभरदा आठवून पाहिलाय. शेवटच्या चाकाचा निपल आवळला आणि मी तसाच पळालो. 'सोडा' म्हणालोच नाही.

रोज ड्यूटीवरून आलो की त्यांचा तो पाय मांडीवर घेऊन तेल चोळतो. फार थकलेत. माझ्याकडे बघतात आणि म्हणतात, "धरलं." शब्द जिभेवर येतो माझ्या, पण उच्चारायची हिंमत होत नाही.

"हो बाबा," मी म्हणतो, "अजून थोडा वेळ धरा."