उसन्या मेंढरांचा धडा

प्रा. शालन भोईटे यांची नि माझी पहिली ओळख आवाज बंद केलेल्या टीव्हीसमोर झाली. बारामतीच्या आमच्या महाविद्यालयात त्या माध्यमांचा अभ्यास शिकवत. पहिल्याच तासाला त्यांनी एका रिअ‍ॅलिटी शोमधला रडारडीचा प्रसंग लावला, आवाज बंद केला आणि विचारलं, "आता कोणाला रडू येतंय?" मी फिदीफिदी हसलो, म्हणून बाईंनी मला पहिल्या बाकावर आणून बसवलं. तिथून दोन वर्षं हललो नाही.

शो, बातमी आणि माहितीपट यांत घडलेलं किती आणि घडवलेलं किती, हा बाईंचा आयुष्यभराचा विषय. त्यासाठी त्या जवळच्या पिंपळी गावातल्या घरांत बायकांबरोबर बसून शो पाहत. एकदा एक आजी म्हणाल्या, "लटकं हाय ते कळतंय की आमाला. पर त्या पोरीची आई खरी हाय." बाईंनी हे वाक्य आजींना विचारून, त्यांच्या नावानिशी प्रबंधात घातलं.

माझी घडवून दाखवायची खोड मात्र अजून मोडायची होती. एम. ए.च्या शेवटी मी शेळगावच्या एका आबांवर माहितीपट केला. आबांनी मेंढरांचा पिढीजात कळप कधीच विकला होता. आता मका आणि दोन गाई. पण मका काय दाखवायचा? मी शेजाऱ्याची मेंढरं मागून आणली, आबांच्या खांद्यावर घोंगडी टाकली आणि त्यांना माळावर चालवलं. वर्गाने टाळ्या वाजवल्या. बाईंनी तोच भाग पुन्हा लावला.

"आबा हाक मारतायत, पण एकही मेंढरू वळत नाही. कोणाची आहेत ही?"

सगळं नव्याने करायचं, तर काम जमा करायला चारच दिवस उरले होते. वर्ष वाया गेलं असतं तर घरच्यांनी शिक्षण थांबवलं असतं.

"ज्याचं चित्र, त्यानं आधी पाहायचं," एवढंच म्हणून बाई दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर एसटीने शेळगावला आल्या.

आबांनी सगळं पाहिलं. मग म्हणाले, "कळप इकला तवा लई लागलं व्हतं, पोरा. तू त्यो परत दिलास, पर दुसऱ्याचा. आता म्या काय करतो, त्ये इचारायचं व्हतंस की."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई रागावल्या नाहीत. कॅमेरा माझ्या हातात देऊन त्या स्वतः गाईंना वैरण टाकू लागल्या आणि आबा बोलत राहिले. नवा माहितीपट आबांच्याच वाक्याने सुरू झाला: "ही मेंढरं माझी न्हाईत." मला मुदत वाढवून मिळावी म्हणून बाईंनी वरिष्ठांची बोलणी खाल्ली होती, हे मला वर्षभराने शिपाईकाकांकडून कळलं.

आज मी त्याच वर्गात शिकवतो. बाईंच्या नियमाप्रमाणे हा लेखही आधी त्यांनाच दाखवला. 'ऋषितुल्य', 'ज्ञानाचा सागर' वगैरे सगळं त्यांनी खोडलं आणि समासात लिहिलं, "ही मेंढरं कोणाची?"

हा शेवटचा परिच्छेद मात्र मी त्यांना दाखवलेला नाही. बाई, तुम्ही साठी ओलांडताय. आमचं लिहिलेलं खोडायला तुम्ही अजून खूप वर्षं हव्या आहात. तुम्हाला निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. हे माझंच आहे, कोणाकडून मागून आणलेलं नाही.